एजंट साडेसाती

शिरूरला मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होतो ते गृहस्थ घरातून निघताना उलटे चालत. दारापासून फाटकापर्यंत अंगणात मऊ माती होती, तेवढ्यापुरतंच. डांबरी रस्त्याला लागले की चारचौघांसारखे सरळ. कारण विचारलं तेव्हा त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "पावलं आत आल्याली दिसत्यात. शत्रूला वाटतं, गडी घरातच हाय." हा शत्रू कोण, ते शिरूरमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याशी त्यांचं थोडंफार वाजायचं, पण तो दिवसभर समोरच बसलेला असे आणि त्यांना उलटं जाताना रोज बघत असे.

त्यांच्या फाटकावर पत्र्याची पाटी होती. तिच्यावर एकच शब्द: एजंट. नाव नाही, गाव नाही. शिरूरसारख्या गावात अशी पाटी लावली की काय होणार ते वेगळं सांगायला नको. विमावाले, लायसनवाले, सोयरीक जमवायला निघालेले, सगळे फाटक वाजवत यायचे. ते कुणालाही परत पाठवत नसत. न्हावऱ्याचा एक शेतकरी माझ्यासमोर आला होता. त्याला बसायला खुर्ची दिली, काळा चष्मा नीट केला आणि विचारलं, "कुणाचा पाठलाग करायचाय?"

"पाठलाग न्हाई, ट्रॅक्टरचं पासिंग करायचंय."

"ट्रॅक्टर कवापास्नं बेपत्ता हाय?"

तो माणूस पाऊण तास बसला होता. जाताना तो पण उलटा चालत गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मी रांजणगावला एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. तिकडे तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि शिरूरमध्ये रिकामी खोली मिळणं मुश्कील झालं होतं. नटबोल्ट मोजून देणाऱ्या माणसाला कपाटाला नंबर लागतो, नंबराला वही लागते. असल्या गूढ प्रकारांचा मला मनापासून वैताग होता. पण खोली हवी होती, म्हणून मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

"गाव?"

"दौंड."

ते खुर्चीतून उठले. "दौंड. मंजी तुमी मला मरताना बघितलं असंल."

मी म्हणालो, तसं काही आठवत नाही.

"वडील काय करत्यात?"

"रेल्वेत गार्ड होते."

"मंग त्यांनी बघितलं असंल. इचारा."

पुढच्या सुट्टीला घरी गेल्यावर मी वडिलांना विचारलं. ते पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "तो होय. त्याच्यापायी मालगाडी यार्डात अर्धा तास उभी होती. शेवटच्या डब्यावरून सात वेळा पडला. दर खेपेला वाटायचं, आता तरी मेला."

तर हे गृहस्थ एका सिनेमाचे नायक होते. लेखकही तेच, दिग्दर्शकही तेच, आणि पडायचं असेल तिथे पडणारेही तेच. मी शाळेत जायच्या आधी कधीतरी त्यांनी तो दौंड-पाटसच्या पट्ट्यात काढला होता. नाव होतं 'एजंट साडेसात'. हेराला असा अर्धवट नंबर का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "सात नंबर मोठ्या सायबांचा. आठ नंबर त्यांच्या मेव्हण्याचा. मधली जागा रिकामी हुती."

गोष्ट अशी, की आपल्याकडच्या एका शास्त्रज्ञाला उसाच्या मळीपासून रॉकेटचं इंधन करायची युक्ती सापडते. ती पळवायला शत्रूराष्ट्राचे हेर दौंडला उतरतात. दौंडलाच का, तर तिथे सगळ्या गाड्या थांबतात. त्यांचा म्होरक्या कॅप्टन काळा. ते काम एका शिंप्याने केलं होतं आणि कपडेही त्यानेच शिवले होते, त्यामुळे दोन्ही देशांचे हेर एकाच ताग्याच्या चौकड्यात हिंडत. शिवाय सोन्याची तस्करी, दोन खून, भीमेच्या पाण्यात एक पाणबुडी (ती मळीची टाकी होती आणि अर्ध्यातच गाळात रुतली), एका बाईंची आंघोळ आणि रेल्वेच्या हॉलमध्ये घेतलेला मिस रोझीचा नाच. या शेवटच्या दोन गोष्टींमुळे सिनेमाला 'केवळ प्रौढांसाठी' असा शिक्का मिळाला. त्यांना त्या शिक्क्याचा फार अभिमान होता. "सरकारनं आपल्याला प्रौढ मानलं," म्हणायचे.

खोली मिळाली, पण परवलीचा शब्द पाठ करावा लागला. दार वाजवलं की आतून ते विचारणार, "कांदा रडवतो का?" आणि आपण म्हणायचं, "चिरला तरच." दुसरं काहीही बोललं तरी दार उघडत नसे. दिवसभर लोखंडात काम करून दमून यावं आणि स्वतःच्या खोलीत शिरण्यासाठी कांद्याविषयी बोलावं, याचा मला पहिले सहा महिने संताप यायचा. एकदा मी चिडून नुसतं "उघडा" म्हणालो. आतून आवाज आला, "पकडले गेलात जणू. मी गप ऱ्हातो." आणि ते खरोखर गप्प राहिले.

अशा वेळी मला मागच्या दाराने आत घ्यायच्या त्या मामी, म्हणजे त्यांची बायको. त्यांना मी मामी म्हणायचो म्हणून या गृहस्थांनाही सुरुवातीला मामा म्हणालो, तर त्यांनी मला बाजूला घेतलं. "मामा म्हंजी पोलीस. आपलं खातं येगळं." मामींना खात्यातलं काही चालत नसे. परवलीचा शब्द त्यांनी आयुष्यात उच्चारला नव्हता. एजंटांनी खिडकीतून कुजबुजत "माल आला का?" असं विचारलं, की त्या चुलीपासून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "दूध आलं, तापतंय, च्या घ्यायला या." ते कपाळाला हात लावून आत जात.

सिनेमाची ती एकमेव प्रत मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रंकेत होती आणि शेजारी कुठल्याशा तंबूतून आणलेलं जुनं मशीन. महिन्यातून एखाद्या शनिवारी दुपारी ते शेडच्या फटींना पोती लावून खेळ करायचे. शनिवारच का, याला कारण होता एक रंगारी.

पहिल्या वेळी पोस्टर रंगवायला त्यांनी जो माणूस धरला तो एरवी देवळं रंगवायचा. त्याने 'एजंट' बारीक काढलं, 'साडेसात' ठसठशीत काढलं आणि हाताच्या सवयीने शेवटच्या 'त'ला एक वेलांटी देऊन टाकली. एजंट साडेसाती. पाटसला पहिला खेळ शनिवारी होता. सकाळपासून बाया तेलाच्या वाट्या आणि रुईच्या पानांच्या माळा घेऊन रांगेत उभ्या. पडद्याला हात पोचेना म्हणून त्यांनी तेल रिळांच्या ट्रंकेवर वाहिलं. मिस रोझीचा नाच सुरू झाला तेव्हा एजंटांना वाटलं, आता मार पडतो. तेवढ्यात मेंढरं विकून नुकतीच शेतीला लागलेल्या घरातली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "साडेसातीच हाय बाबा, नाचवतीच माणसाला." सगळ्या बायांनी हात जोडले. ती वेलांटी त्यांनी पुढे कधी पुसली नाही. मी शिरूरला होतो तेव्हाही शनिवारच्या खेळाला आळीतल्या दोघीतिघी वाटी घेऊन यायच्या.

या भक्तीचा एक परिणाम मात्र झाला. तेल झिरपून झिरपून डब्यांवरचे नंबर पुसले गेले. बारा रिळं, आणि कुठलं कितवं याचा पत्ता नाही. मी स्टोअरकीपर असल्याने हे दुःख मला त्यांच्याहून जास्त झालं. म्हणालो, फिल्म उजेडात धरून बघू, कळेल. धरून पाहिली. जवळजवळ प्रत्येक रिळात ते रेनकोट घालून डावीकडून उजवीकडे पळत होते. तेव्हापासून हाताला येईल तो डबा लागायचा आणि दर खेळाला वेगळी गोष्ट व्हायची. कधी कॅप्टन काळा मेल्यावर धमक्या द्यायचा, कधी पाणबुडी आधी रुतायची आणि मग पाण्यात उतरायची. तक्रार कुणीच कधी केली नाही.

त्यांच्या तोंडून मी एक गोष्ट निदान वीस वेळा ऐकली असेल. सिनेमात शेवटी एजंटला गोळी लागते आणि तो मालगाडीवरून खाली पडून देशासाठी मरतो. दौंडला खेळ लागला त्या आठवड्यात कुणीतरी अर्धवट ऐकलं आणि न्हावऱ्याला मामींच्या माहेरी जाऊन सांगितलं, तुमचा जावई गेला. मामींचे मामा डोक्यावर दुरडी घेऊन शिरूरला हजर. मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पाव्हणे पिठलं-भाकरी घेऊन येतात, तसं दुखवट्याचं जेवण. "आन् मी घरात बसल्यालो," एजंट सांगत. "माझाच दुखवटा मी जेवलो. लोकान्ला बक्षिसं मिळत्यात, ढाली मिळत्यात. मला हे मिळालं. यापरीस मोठं काय असंल?" मी हसायचो. कुणीही हसलं असतं. मामी तेवढ्यात उठून बाहेर जायच्या, पण त्यांना नेहमीच काही ना काही काम असायचं.

एका गोष्टीचा मात्र त्यांना घोर होता. मामींनी तो सिनेमा पाहिला नव्हता. मागच्या शेडमध्ये इतकी वर्षं तो लागत होता आणि त्या अंगणात धुणं वाळत घालत होत्या. "मुलखानं बघितला, घरानं न्हाई," ते म्हणायचे, आणि हे म्हणताना आवाज नेहमीचा, खात्यातला नसायचा. त्यात फिल्म मरायला टेकली होती. डबा उघडला की शिर्क्याचा आंबूस वास यायचा, कडा वळल्या होत्या, मशीनमध्ये तुकडे पडायचे. एका दुपारी ते रीळ गुंडाळताना म्हणाले, "दोन खेळ निघतील. लई झाले तर तीन. तिनं बघितला न्हाई तर मंग मी काढला कशाला?"

दुसऱ्या दिवशी माझ्या चपलेत चिठ्ठी सापडली. 'मिशन: नाचामुळे बघत नाही काय, याचा छडा लावणे. वाचून गिळणे.' मी कागद गिळणाऱ्यांपैकी नाही. खिशात ठेवला आणि मामींच्या हातचा चहा पिताना तो नेमका खाली पडला. त्यांनी उचलून वाचला. पाठीमागे त्यांचीच किराण्याची यादी होती. "हिंग आणायचा राह्यला ह्यांच्याच्यानं," एवढंच म्हणाल्या.

मी अहवाल दिला की काही कळलं नाही. पण त्यांनी मनाशी ठरवलं होतं: नाचच. एका रविवारी कात्री घेऊन बसले आणि मिस रोझी कापून काढली. त्या नाचावरच शिक्का मिळाला होता, हे लक्षात घेतलं तर केवढा त्याग. मग मामींना सांगितलं, "आता घरच्या माणसानं बघावा असा हाय." मामींनी हातातलं धुणं पिळून दोरीवर टाकलं. मग म्हणाल्या, "येते."

त्या शनिवारी शेडमध्ये मी, गिरणीवाला, तेलाच्या वाट्या घेतलेल्या दोघी आणि मामी. एजंट मशीनपाशी. तीन रिळं नीट गेली. चौथ्यात हॉल आला, बाजावाले आले, पडदा उडाला आणि सिनेमातले सगळे एकदम टाळ्या वाजवायला लागले. मामी म्हणाल्या, "नाच कापला व्हय? बरा हुता की."

मशीन चालू होतं म्हणून त्यांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मला मात्र गेलं. पाहिलाच नव्हता तर नाच कुठे होता हे यांना कसं ठाऊक, असा विचार मी करतोय तोवर पाचवं रीळ लागलं. मालगाडी, धूर, एजंट डब्यावरून पळतायत. मामी ताडकन उठल्या आणि बाहेर गेल्या. मी मागे गेलो. त्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या, चांगली पानं बाजूला टाकत होत्या आणि देठ टोपलीत.

"मामी, तुम्ही पाहिलाय."

"पहिल्या आठवड्यात. दौंडला. सासूबाई नगं म्हणायच्या, म्हणून नणंदंला घिऊन गुपचूप गेले. लगीन होऊन दोन वर्सं झाली हुती. नाचाचं काय, नाचू द्या की. त्या बाईचा पाय मुरगळला हुता, मीच हळद लावली तिला." मग हात थांबला. "गोळी लागली, पडले, डोळे मिटले. मला ठाव हुतं खोटं हाय ते. तरी रडत रडत यष्टीनं घरी आले. आन् दारात माझा मामा, डोक्यावर दुखवटा घिऊन. आता सांगा, मी काय समजायचं? मी तिथंच पडले. शुद्धीवर आले तर हे आतून हात पुसत आले. म्हणले, बघ, लोकान्ला किती खरं वाटलं. आन् बसले जेवायला."

वीस वेळा हसलो होतो त्या गोष्टीला.

"दोन घटका मी इधवा हुते," मामी म्हणाल्या. "त्येंच्या ध्यानातबी न्हाई."

संध्याकाळी एजंटांनी मला शेडमध्ये बोलावलं. "अहवाल," म्हणाले. मी एकदम सरळ भाषेत सगळं सांगितलं. त्यांनी काळा चष्मा काढला. चार वर्षांत त्यांचे डोळे मी पहिल्यांदा बघितले. अगदी साधे होते, गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याचे असावेत तसे. मला त्यांची एकदम फार कीव आली, आणि थोडा रागही.

"ती पडली हुती, हे मला आठवतंय," ते म्हणाले. "मला वाटलं, उन्हानं."

त्यांनी चष्म्याची काडी मिटली, पुन्हा उघडली.

"मी दोनदा वाढून घेतलं हुतं."

पुढचा आठवडाभर ते शेडमध्ये कोंडून घेऊन बसले होते. परवलीचा शब्दही विचारला नाही, मी सरळ आत-बाहेर करत होतो आणि ते मला चुकल्यासारखं वाटत होतं. शनिवारी पुन्हा खेळ लावला. मामी यायला तयार नव्हत्या. एजंट त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, सरळ, तोंड समोर करून. "तू हितं ओट्यावर बस. मी हाक मारीन तवा ये. त्याच्या आदी येऊ नगंस."

आत एका डब्यावर चुन्याची फुली होती. शेवटचं रीळ. त्यांनी ते सगळ्यात आधी लावलं. काही कळायच्या आत सिनेमा सुरू झाला आणि गोळी लागली. एजंट मालगाडीवरून पडले, छाती धरली, देशाला उद्देशून तीन वाक्यं बोलले आणि मेले. 'समाप्त' अशी पाटी आली. गिरणीवाला उठायला लागला, त्याला मी खाली बसवलं. एजंटांनी दार उघडलं आणि अंगणात हाक मारली.

"ये आता. झालं मरून."

मामी आल्या आणि पुढे बसल्या. मग उरलेली अकरा रिळं. मेलेला माणूस धावत होता, चहा पीत होता, कॅप्टन काळ्याला बुकलत होता, रुतलेल्या पाणबुडीतून चिखलाने माखून बाहेर येत होता. नाचाचे तुकडे त्यांनी चिकटपट्टीने परत जोडले होते, त्यामुळे मिस रोझी दर चार पावलांना उडी मारत होती. "हितं मुरगळला बघा पाय," मामी मला म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. अखेरचं जे रीळ लागलं त्यात मोठे साहेब एजंटला नंबर देतात, आणि तो हातात बॅग घेऊन दौंड स्टेशनात उतरतो. टोपी नीट करतो, फलाटावरून चालायला लागतो. तिथे फिल्म सुटली आणि पांढरा उजेड पडला.

"संपलं?" मामींनी मागे वळून विचारलं.

"संपलं."

"मंजी हायेत जित्ते."

"हाय," मशीनमागून आवाज आला.

गिरणीवाला कपडे झटकत उठला. "आज कुठं गोष्ट समजली," म्हणाला.

त्यानंतर मशीन चाललं नाही, म्हणजे त्यांनी चालवलं नाही. वर्षभरात माझी बदली झाली. ते गेल्याचं मला उशिरा कळलं. साध्या तापाने गेले, घरात, अंथरुणावर. मी शिरूरला पोचलो तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते. फाटकावर पाटी तशीच होती. अंगणातून चालताना मातीकडे बघितलं, पण तिथे सगळी सरळ पावलं होती. दार वाजवलं. आत हालचाल ऐकू आली, पण दार उघडेना. मग मामींचा आवाज आला, हळू, दाराला अगदी लागून.

"कांदा रडवतो का?"

"चिरला तरच," मी म्हणालो.

दार उघडलं. त्यांनी चहा केला. पाव्हणे येऊन गेले का, असं मी रीतीप्रमाणे विचारलं. "आले हुते. दुखवटा आणला हुता," मामी म्हणाल्या. "मी बी दोनदा वाढून घेतलं."

शेडमध्ये ट्रंक होती. मी सवयीने डबे मोजले. अकरा भरले. पुन्हा मोजले, खाली वाकून कोपऱ्यात पाहिलं. चुन्याची फुली असलेला डबा कुठेच नव्हता.

"शोधू नगा," मामी दारातून म्हणाल्या. "राख सोडायला समदी घोडनदीवर गेली, तवा त्येच्यासंगं दिलं सोडून. हायेत त्या अकरात ते कुठं मरत न्हाईत."